दुखणं किती पायली

सांगली, १३ नोव्हेंबर १९९४

केरू,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील, तर वाच. पाच वर्षं झाली. तुझा पलटणीचा पत्ता मी बनुआत्याकडून घेतला. तिने तो सरळ दिला नाही. आधी मला चार शब्द सुनावले आणि मग ट्रंकेतून तुझं पत्र काढून पुढ्यात टाकलं. ‘तुमची आय बाळाबाई मेली तशी तुमी दोघं भावंडंबी मेलासा व्हय गं?’ असं म्हणाली. गुडघे सोडले तर आत्या ठणठणीत आहे. तुझ्या पोरांची नावं वस्तीत सगळ्यांना पाठ करायला लावते.

मी अजून त्याच ट्रस्टच्या दवाखान्यात आहे. डॉ. शिरगुप्पे म्हणून नवे डॉक्टर आलेत. कमी बोलतात, पण ऐकतात. त्यांनी मला सहा आठवडे मुंबईला एका संस्थेत शिकायला पाठवलं होतं. ज्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही, असेच पेशंट तिथे ठेवतात. जाताना मला वाटलं, हे कसलं शिक्षण? मरणारी माणसं मी पंधरा वर्षं बघतेय. ‘आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या,’ हे डॉक्टर सांगणार आणि पेशंटला रिक्षात बसवायचं काम आमचं. रिक्षा फाटकातून वळली की पुढचं कुणी बघत नाही.

तिथे पहिल्याच दिवशी एक गिरणीकामगार बघितला. मानेला मुठीएवढी गाठ. तो खाटेवर मांडी घालून लेकीशी पत्ते खेळत होता आणि जिंकायसाठी सरळ लबाडी करत होता. लेक ओरडत होती, ‘आप्पा, पान दाखवा!’ दहा वाजले, तशी सिस्टरने लहानशा कपातून त्याला औषध पाजलं. त्याने कडू तोंड केलं आणि पुन्हा पानं पिसायला घेतली.

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. का, ते आज लिहीत नाही.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. नाही दिलंस तरी मी लिहिणार आहे.

तुझी आक्का,
रत्नमाला


सांगली, ५ मार्च १९९५

केरू,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. सध्या एवढंच मला पुरे.

त्या कपातल्या औषधाचं नाव मॉर्फिन. अफूपासून करतात. म्हणून त्याच्यावर सरकारची कडक नजर. आमच्याकडे ऑपरेशनसाठी त्याची इंजेक्शनं असतात, कुलपात. पण घरी न्यायच्या गोळ्या ठेवायच्या, तर वेगळी परवानगी लागते. एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीला हवा असतो आणि दुसरीचा पहिलीला. डॉक्टरांना ओपीडी सोडता येत नाही, म्हणून फाइल घेऊन मी जाते. इथल्या जिल्ह्याच्या कचेरीत तीनदा, पुण्याला दोनदा जाऊन आले. बाकावर बसून बसून मला सगळ्या शिपायांच्या घरची हकीकत माहीत झालीय. साहेब लोक वाईट नाहीत, पण अफू म्हटलं की हात मागे घेतात. एकाने विचारलं, ‘सिस्टर, माणूस मरणारच आहे तर एवढी धडपड कशाला?’ मी म्हटलं, ‘साहेब, मरायला अजून तीन महिने आहेत. ते काढायचेत कसे?’

तू हसशील अशी एक गोष्ट सांगते. मुंबईला शिकवलं होतं, पेशंटला विचारायचं की दुखणं शून्य ते दहात किती. इथे आल्यावर मी जतकडच्या एका म्हातारीला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘धा म्हंजे काय? माझं दुखणं साळंत गेलंया व्हय?’ मग थोड्या वेळाने आपणच म्हणाली, ‘पायलीभर हाय बाई. काल शेरभर हुतं.’

मला एकदम लख्ख दिसलं. तिने जन्मभर धान्य मोजलंय, तिला माप कळतं. तेव्हापासून माझ्या वहीत लहानापासून मोठ्यापर्यंत चिपटं, मापटं, शेर, पायली आणि पोतं. चिपटं म्हणजे थोडंसं, पोतं म्हणजे सोसवत नाही असं. प्रत्येक पेशंटचं दिवसातून चार वेळा लिहिते. बाकीच्या सिस्टर हसल्या. डॉ. शिरगुप्पेंनी वही चाळली, चष्मा पुसला आणि राऊंडला गेल्यावर गुंडाबापू नावाच्या हमाल पेशंटला त्यांनी स्वतःच विचारलं, ‘काय बापू, आज किती पायली?’

पण औषधाविना ती नुसतीच मापं आहेत. ती जतची म्हातारी पोत्यावरच गेली.

आक्का


सांगली, १४ जानेवारी १९९६

केरू,

मिळाली! परवानगी मिळाली!

चौदा महिने लागले. डिसेंबरात तपासणीला साहेब आले. कपाट बघितलं, दोन कुलपं बघितली, औषधाचं रजिस्टर कसं ठेवणार ते विचारलं. मग त्यांच्या हाती माझी वही लागली. ‘हे पायली, मापटं काय आहे? दवाखान्यात धान्य वाटता का?’ डॉक्टरांनी मान खाली घातली. पण म्हटलं, आता गप्प बसायचं नाही. मी त्यांना एकेक पान उलगडून सांगितलं. ही बाई, वय पंचेचाळीस, एकोणीस दिवस पायली, नंतर आठ दिवस पोतं, मग मयत. हा मास्तर, तेवीस दिवस पोतं, मग मयत. मी पानं उलटत गेले. त्र्याऐंशी माणसं होती. साहेब पहिल्यांदा मधेमधे विचारत होते, मग स्वतःच पुढची पानं उलटायला लागले. शेवटी म्हणाले, ‘या वहीची नक्कल द्या. अर्जाला जोडतो.’ मी भीत भीत म्हटलं, ‘आकड्यांत लिहून देऊ का?’ तर म्हणाले, ‘नको. अशीच असू दे.’

मंगळवारी कागद आला. डॉक्टरांनी सगळ्यांना जिलेबी आणली. मी माझी जिलेबी घेऊन गुंडाबापूकडे गेले; चिवट गडी, अजून तग धरून होता. पहिली गोळी त्याला दिली. पायलीवर होता. संध्याकाळी चहा पिताना म्हणाला, ‘मापट्यावर आलं जणू.’ दुसऱ्या दिवशी, ‘चिपटं. तेबी गळकं.’ मग बायकोला म्हणाला, ‘अगं, जरा दाढी करायला बलीव कुणाला तरी. वंगाळ दिसतोय मी.’

आज संक्रांत आहे. तीळगूळ पाठवत नाही, तू खाशील की नाही माहीत नाही.

आक्का


उंब्रज, ३ मार्च १९९६

केरू,

एसटीला अजून दोन तास आहेत. स्टँडवर बसून लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

इथे भाऊसो वस्ताद म्हणून होते. तू लहानपणी जत्रेत त्यांची कुस्ती बघितली असशील. कॅन्सर मणक्यात उतरलेला. डॉक्टरांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. ‘दवाखान्यात येत नाहीत, तुम्हीच जाऊन बघा.’ मोठं घर, दारात ट्रॅक्टर, पाठीमागे ऊस. वस्ताद खाटेवर पडलेले, दातांत टॉवेल धरलेला. टॉवेलला भोकं पडली होती.

त्यांनी टॉवेल काढून पहिलं विचारलं, ‘कुणाची गं तू?’

तुला माहीत आहे हा प्रश्न कशासाठी असतो. मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मग चहा आला. कप कुठल्या कोनाड्यातला होता, तेही तुला सांगायला नको. मी तो तसाच खाली ठेवला आणि विचारलं, ‘वस्ताद, दुखणं किती पायली?’

‘पायली कसली? पोतं हाय. दोन पोती हायती.’

मी औषधाचं सांगितलं. ते उसळले. ‘मला अफूबाज करतीस व्हय? जलमभर सुपारी खाल्ली न्हाई मी!’

‘वस्ताद,’ मी म्हटलं, ‘तुम्ही पोरांना शिकवता ना, की समोरच्यानं मान धरली तर नुसतं सोसत बसू नका, डाव टाका?’

‘शिकवतो की.’

‘मग तुमी टावेल का चावतायसा?’

माझ्या तोंडून आपली बोली निघून गेली. वस्तादांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. त्यांची सून राजेश्वरी दाराआड होती, ती पुढे आली. ‘आवं मामंजी, घ्या की. माझ्यासाठी घ्या. मला आयकवत न्हाई वो आता.’

त्यांनी घेतलं.

तीन दिवस मी तिथेच राहिले. राजेश्वरीला सगळं शिकवलं. गोळी घड्याळावर द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. बरोबर जुलाबाचं औषध द्यायचंच, नाहीतर शौचाला होत नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून दोन-दोन तासांनी कूस बदलायची. पोरगी दहावी नापास आहे, पण हात असे, केरू, की आमच्या शिकलेल्या सिस्टरांना लाजवतील. तिसऱ्या दिवशी चहा तिने आतल्या कपात आणला, माझ्यासमोर स्वतःसाठीही ओतला आणि शेजारी बसून प्यायली. सासूने बघितलं.

पुढच्या आठवड्यात गेले तर वस्ताद म्हणाले, ‘चिपटं हाय. आता मला तालमीत न्या.’

चार पैलवानांनी खाट उचलली. दुपारची वेळ होती. आखाड्याच्या कडेला खाट ठेवली, पाठीला लोड दिला. दोन पोरं लढायला उतरली. आणि वस्तादांचा असा आवाज निघाला! ‘कंबर खाली घे रं! खाली! पाय काय तुझा बा उचलणार हाय?’ तासभर नावं घेऊन एकेकाला झापत होते. पोरं शिव्या खाऊन हसत होती. मातीत लोळून पुन्हा उठत होती. राजेश्वरी बाहेर भिंतीला टेकून रडत होती. मला म्हणाली, ‘ताई, दोन महिने झाले, दुखण्याचं वरडणं आयकतीय मी. पर ह्ये येगळं हाय. ह्ये त्यांचं वरडणं हाय.’

त्यानंतर अकरा दिवस जगले. काल सकाळी अंघोळ घातली, पेज प्यायले, ‘जरा पडतो’ म्हणाले आणि गेले. आज माती सावडायला आले होते. वस्तादांची बायको माझा हात धरून बसली होती, सोडतच नव्हती.

आता ते लिहिते, जे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

ऑगस्ट एकोणनव्वद. आईला कॅन्सरने तडफडताना ते अकरा दिवस तूही बघितलंस, मीही बघितलं. तू मला उंबऱ्यात धरून विचारलंस, ‘आक्का, तू नर्स हायस. तिला निजवंल असलं औषध नसतंच व्हय?’ मी म्हटलं, ‘नसतं.’

असतं, केरू. होतं. मी सुट्टी टाकून आले, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मॉर्फिनच्या त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. तेव्हाचे डॉक्टर म्हणायचे, हे ऑपरेशनसाठी आहे, कॅन्सरवाल्यांना सवय लागते. मी त्यांच्याकडे जाऊन एकदाही म्हटलं नाही की माझ्या आईला द्या. वॉर्डात आपल्या समाजाची मी एकटी होते. आईसाठी तसलं औषध मागितलं आणि उद्या एक इंजेक्शन जरी कमी भरलं, तर बोट कुणाकडे जाईल? या भीतीने मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित नाही म्हणाले असते. पण मी मागितलंच नाही. आणि तुझ्याशी खोटं बोलले, कारण खरं सांगितलं असतं तर मला स्वतःलाही ते ऐकावं लागलं असतं.

तू न जेवता निघून गेलास. तुला वाटलं मी दगड आहे. दगड नव्हते. भित्री होते.

एसटी लागली.

रत्नमाला


सांगली, १० मे १९९६

केरू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळी आहेत. मी त्या इतक्यांदा वाचल्या की पोस्टमनलाही पाठ झाल्या असतील: ‘तवा सांगितलं असतंस तर मी तुझा गळा धरला असता. आता धरत न्हाई. आत्याचे गुडघे कसे हायत?’

गुडघे तसेच आहेत.

एवढंच उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही. आम्हाला सहा खाटांची खोली मिळालीय, खिडकी पूर्वेला. बिगारीचं काम दवाखान्यातल्या लोकांनीच केलं, रंगही. साताऱ्याला गेल्या आठवड्यात चाळीस नर्सेसना शिकवायला मला बोलावलं होतं. मी, केरू! एक मोठे सर्जन मागे बसले होते. त्यांनी उठून विचारलं, ‘बरं होणार नाही त्या पेशंटवर एवढी मेहनत म्हणजे हार मानणंच नाही का?’ मी म्हटलं, ‘सर, तुम्ही सही करून घरी पाठवता, तिथून माझी कुस्ती सुरू होते. आणि मी बऱ्याच जिंकल्यात.’ चाळीस जणींनी अशा टाळ्या वाजवल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला. सर्जन पण हसले. जाताना त्यांनी दोन पेशंटची नावं लिहून दिली.

राजेश्वरी आता उंब्रजला, मलकापूरला आमचे पेशंट बघते. सासूच म्हणाली, जा म्हणून.

आक्का


कोरेगाव तालुका, आपलं गाव,
२ डिसेंबर १९९७

केरू,

तार मिळाली असेल. तारेत काय मावणार? तुझी रजा संपली आणि तुला जावं लागलं, म्हणून आत्याचे नंतरचे दिवस लिहून पाठवते. तू होतास तेवढं तुला माहीत आहे. तरी एक सांगू? आत्याच्या कॅन्सरचं कळून तू दारात आलास तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालास, ‘बॅग कुठं ठेवू?’ मला वाटलं, संपलं. दोन दिवस तू आत्याशी बोलायचास आणि मी भांड्यांशी. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढे होते, आणि तू घड्याळ बघून हाक मारलीस, ‘आक्का, चार वाजले. आत्याची गोळी.’ त्यानंतर महिनाभर एक गोळी तू चुकू दिली नाहीस. पलटणीसारखी ड्युटी लावलीस तू आमची. आत्या म्हणायची, ‘ह्या हवालदारानं मला यमाच्याबी रांगंत हुबं केलं.’

तू गेल्यावर राजेश्वरी आली. उंब्रजहून मसूर-रहिमतपूर करत, दोन एसट्या बदलून. आपल्या वस्तीत, आपल्या घरात सहा दिवस राहिली. आत्याला अंघोळ घातली, केस विंचरले, आपल्या ताटात जेवली. आत्याने तिला विचारलं, ‘कुणाची गं तू?’ ती म्हणाली, ‘भाऊसो वस्तादांची सून. आन रतनताईंची शिष्या.’ आत्या म्हणाली, ‘मग बस.’

पोटातली गाठ शेवटी फार वाढली होती. पण दुखणं चिपट्याच्या वर मी जाऊ दिलं नाही. एकदाच, बुधवारी, शेरावर गेलं होतं. मी गोळी वाढवली आणि तासाभरात उतरवलं. तू विचारशील, म्हणून लिहिलं.

गुरुवारी सकाळी ती फार तरतरीत होती. म्हणाली, ‘हरणाबाईला बलवा.’

हरणाबाई म्हणजे पलीकडच्या घरातली, तुला आठवते का? आत्याशी तिचं बावीस वर्षं बोलणं नव्हतं. बांधावरच्या शेवग्याच्या झाडावरून. शेंगा कुणाच्या, यावरून एकदा भांडण पेटलं ते पेटलंच. वस्तीभर निरोप गेला, बनुबाईने हरणाबाईला बोलावलंय. बायका जमल्या. सगळ्यांना वाटलं, जायच्या आधी मिटवायचं असेल. हरणाबाई घरून निघतानाच रडत आली. आत्याच्या उशाशी बसली, हात हातात घेतला.

आत्या म्हणाली, ‘हरणे.’

‘काय गं बनु?’

‘झाड माझंच हुतं.’

मग हरणाबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘मरतीयास तरी खोटंच बोलतीयास व्हय गं भवाने! माझ्या सासऱ्यानं लावलेलं झाड त्ये!’

‘तुझ्या सासऱ्याला कुदळ धरता येत न्हवती!’

आणि दोघी सुरू झाल्या. सगळं बाहेर निघालं, सासरे निघाले, शेंगा निघाल्या, बाहत्तर सालची एक घागर निघाली. राजेश्वरी मला म्हणाली, ‘ताई, थांबवू का?’ मी म्हटलं, ‘खबरदार.’ अर्धा तास भांडल्या, केरू. शेवटी आत्याला हसू आलं, मग हरणाबाईला आलं, मग सगळ्या बायकांना. आत्या इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. म्हणाली, ‘आता जरा पडते. हरणे, जाऊ नकोस, माझं बोलून झालेलं न्हाई.’

हरणाबाई तिथेच बसून राहिली. बाराची गोळी मी दिली, ती तिने घेतली. मग झोपली. मी नाडी धरून होते. श्वास लांबत गेला, मधे थांबायला लागला, मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. बायका बोलत होत्या, कुणी भाजी निवडत होतं, दारात ऊन होतं. दोनच्या सुमाराला श्वास परत आला नाही. चेहऱ्यावर एक आठी नव्हती.

मी हात खाली ठेवला आणि म्हटलं, ‘गेली.’

हरणाबाई म्हणाली, ‘न्हाई गं. निजलीया. माझं उत्तर आयकायचंय तिला.’

मग तिने वाकून आत्याचा चेहरा नीट बघितला, पदर सारखा केला आणि तिच्या कानाशी, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘बरं. तुझंच हुतं.’

तुझी आक्का